घंटा सेल्वीच्या हातात

आमचं दुकान गलाईचं. म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करून द्यायची. अशा दुकानातला केर कुणी टाकत नाही, डब्यात साठवून ठेवतात, कारण त्यात सोन्याचा कण असतो. चॅनेलवरच्या गोष्टींचं माझं तसंच झालं. रोज काहीतरी सांडायचं आणि मी गोळा करायची. परवा विट्याहून जाऊबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या त्या कुंभकोणमला देवळं सोडून असतं तरी काय गं?" मला असा राग आला! म्हटलं, बसा आता, डबाच उपडा करते.

तर आमचं एक लोकल केबल चॅनेल आहे. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ. तिथून दर रविवारी संध्याकाळी एक गेम शो लाइव्ह जातो. 'मणी अडिक्कुम् मुन्', म्हणजे घंटा वाजायच्या आत. खेळ सोपा. गावातल्या माणसानं स्टेजवर यायचं, मडक्यातली चिठ्ठी काढायची, त्यात असेल ते काम एका मिनिटात करायचं. घंटेच्या आधी झालं तर बक्षीस, नाहीतर हात वर करून खाली यायचं.

ही घंटा वीसेक वर्षं एकाच माणसाच्या हातात होती. नाव रंगोजीराव. इथले तमिळ लोक मराठी माणसाला 'रायर' म्हणतात, म्हणून सगळ्या गावाचे ते रायर सार. त्यांचे पूर्वज मराठे राजांच्या काळात तंजावरला आले आणि परत जायचं राहूनच गेलं. आम्ही आलो दुकानापायी, माझ्या लग्नानंतर. दोघंही मराठी, पण त्यांचं मराठी ऐकलं की वाटायचं, समोरचा माणूस आता पगडी काढून खुंटीला अडकवणार!

* * *

मी चॅनेलवर गेले ती खेळायला. शेजारणींनी ढकललं म्हणून गेले. स्टेजवर चढले, दिवे डोळ्यांवर आले, आणि शिकलेलं सगळं तमिळ पळून गेलं. चिठ्ठीत काय लिहिलंय तेही कळेना.

रायर सारांनी माझं आडनाव ऐकलं आणि माइकवरच, अख्ख्या गावासमोर, मराठीत म्हणाले, "भिऊं नका बाई. आपण कोण्या गांवींच्या?"

अहो, परक्या मुलखात, तेही टीव्हीवर! मी सुटलेच. विटा, माहेर, सासर, पाण्याची चव, इथली ओल्या नारळाची आमटी, सगळं सांगून टाकलं. ते हसत ऐकत होते. लोक तोंडं उघडी टाकून बघत होते. मिनिट कधीच संपलं आणि लावायला दिलेली विड्याची पानं परातीत तशीच पडून राहिली.

हरले आणि खाली आले. बघते तर पुढच्या स्पर्धकांच्या रांगेत ही ढकलाढकली! रांगेत घुसणारी माणसं मला सहन होत नाहीत. कमरेवर हात ठेवला आणि ओरडले, "ए! मागं व्हा सगळी! लाज वाटत नाही?" त्यातला एक शब्द कुणाला कळला नाही, पण रांग सरळ झाली.

चॅनेलचे मालक भास्करन कोपऱ्यातून बघत होते. ते रायर सारांना म्हणाले, "ह्या अम्मांना रांगेवर ठेवून घ्या. उद्यापासून!"

* * *

आता रायर सारांचं मिनिट. त्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

सारांचं मिनिट साठ सेकंदांचं नसायचं. समोरचं माणूस धडपडत असलं, की दोरीवरचा त्यांचा हात हलायचाच नाही. म्हातारी असली तर मिनिट आणखी लांबायचं. गरोदर बाई असली तर विचारूच नका. हळूहळू गावातच 'रायर निमिषम्', म्हणजे रायरचं मिनिट, असा शब्द रूढ झाला. पापनाशम्‌च्या बसचा कंडक्टर म्हणायचा, "एक मिनिट, सुटतेच." की आतून लोक विचारायचे, "कुणाचं? घड्याळाचं की रायरचं?"

एकदा एक आजीबाई, म्हणजे इथल्या भाषेत पाटी, सुईत दोरा ओवत होत्या. ओवता ओवता लाइट गेली. लाइव्ह कार्यक्रम बोंबलला, जनरेटर सुरू व्हायला बराच वेळ लागला. दिवे आले तेव्हा आजी तशाच उभ्या, सुई डोळ्यांपुढे. रायर सार शांतपणे म्हणाले, "चालू द्या, पाटी. अजून वेळ आहे."

दुसरा किस्सा स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराचा. पंचरसी मूर्ती ओतणारा माणूस. चिठ्ठी निघाली, मातीचा गणपती करा. गड्यानं गोळा हातात घेतला, दाबला, वास घेतला, उजेडात फिरवला. लोक ओरडतायत, "करा! करा!" हा आपला मातीच मळतोय. शेवटी मीच मागून खुणा केल्या तेव्हा सारांनी जड हातानं घंटा वाजवली. गडी मातीचा गोळा घेऊन निघून गेला.

पुढच्या रविवारी कार्यक्रम चालू असताना हा थेट स्टेजवर! हातात इतका देखणा पिळ्ळैयार, की सोंडेवरची सुरकुतीसुद्धा दिसत होती. टेबलावर ठेवला आणि विचारतो, "मणी अजून वाजली नाही ना, सार?"

सारांनी त्याला बक्षीस दिलं. भास्करन आठवडाभर डोकं धरून बसले होते.

* * *

तर असे हे रायर सार एक दिवस म्हणाले, पुरे.

झालं असं, की स्टेजवर एक मुलगी आली. सारांनी तिला तिच्या आईच्या नावानं हाक मारली. "मागच्या वेळी तुझे पापड मोडले होते," म्हणाले. मुलगी म्हणाली, "सार, ती माझी अम्मा. तेव्हा मी पोटात होते!" हॉल हसला, सारही हसले. पण मेकअप पुसताना मला म्हणाले, "मज आतां आई आणि लेक एकच दिसूं लागल्या. उठावयास हवें."

मी म्हटलं, "अहो, एवढ्या तेवढ्यावरून कोण उठतं?"

"उठतां येतें तोंवरच उठावें," म्हणाले. आणि एकदा सार म्हणाले की झालं. गुडघे दुखत असतानाही पूर्ण कार्यक्रम उभ्यानं करणारा माणूस तो. त्यांना कोण वळवणार?

भास्करननी चेन्नईहून एक पोरगा आणला. केसांना जेल, पायात पांढरे बूट, इंग्लिश झकास. ट्रायल म्हणून एक रविवार दिला. पहिल्याच आजीनं माइक हातात घेतला आणि त्यालाच विचारलं, "तू कुणाचा रे?" त्यानं बापाचं नाव सांगितलं. "बाप काय करतो? आई कुठली? लग्न झालं? का नाही झालं? काही दोष आहे का?" पोरगं उत्तरं देतंय, घाम पुसतंय, आजी काही माइक सोडत नाहीत. मग मागच्या रांगेतून दुसऱ्या आजी ओरडल्या, "माझी नात आहे, बी.कॉम.!"

पोरगं ब्रेकमध्ये खाली चहाला म्हणून गेलं ते थेट चेन्नईच्या बसमध्येच बसलं. उरलेला कार्यक्रम सारांनीच केला.

* * *

मग सारांनी नाव घेतलं, "सेल्वी."

सेल्वी म्हणजे साक्कोट्टैची. रोज स्कूटीवरून यायची. कार्यक्रमाचं सामान तिच्याकडे, म्हणजे पानं, फुलं, सुया, पापड, पेले, सगळं. चाळिशीला टेकलेली, दोन मुलांची आई. बोलायला चुणचुणीत, पण कॅमेऱ्यापुढे कधी आलेली नाही.

भास्करन म्हणाले, "सामानवाली सेल्वी? सार, लोक हसतील."

"हसू द्यात. हसण्यासाठीच येतात."

"आणि नाही आले तर?"

"मग मी उठत नाही. ह्याच खुर्चीवर मरतो. तुम्ही लाइव्ह दाखवा!"

भास्करन घाबरले. सार करूनही दाखवतील असं त्यांना वाटलं असणार. शेवटी कबूल झाले, पण अट घातली. पोंगलपर्यंत हॉल भरलेला दिसला तर सेल्वी राहील. नाहीतर कार्यक्रम बंद, आणि ती वेळ एका ज्योतिषाला. तो ज्योतिषी कधीपासून टपूनच बसला होता. कार्यक्रम बंद म्हणजे सेल्वीचंही काम बंद, आणि माझंही.

सेल्वीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझीपण एक अट आहे. मिनिट म्हणजे मिनिट. भिंतीवर मोठं घड्याळ लावायचं, सगळ्यांना दिसेल असं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्ती नाही."

मी सारांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर सांगत होती ती, की तुमचं मिनिट चुकीचं होतं! भास्करन तर छताकडे बघायला लागले.

सार म्हणाले, "तुझी घंटा, तुझं मिनिट."

ती बाहेर गेल्यावर मी तिला झापलं. "अगं, जरा दमानं घ्यायचं! गावाला सवय आहे त्यांची."

तर मला म्हणते कशी, "अक्का, त्यांनी ज्यांना वेळ वाढवून दिला ते सगळ्यांना आठवतात. ज्यांना बरोबर साठच सेकंद मिळाले आणि जे एका पापडानं हरले, ते मला आठवतात. सामान आवरताना मीच त्यांची तोंडं बघायचे ना!"



* * *

निरोपाच्या दिवशी भास्करननी भाषण ठोकलं. चॅनेलचा इतिहास, स्वतःचा इतिहास, वडिलांचा इतिहास. मग शाल, हार, फोटो. बायका रडत होत्या, मीही रडत होते. मला रडताना बघून कॅमेरामन रडायला लागला, त्यामुळे चित्र हलत होतं.

सार माइकपाशी आले. लोकांना वाटलं, आता तासभर बोलतील.

ते तमिळमध्ये एवढंच म्हणाले, "बसमध्ये आपण खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरतो, तशी मी ही जागा धरली होती. जिची होती ती आली. टॉवेल उचलतो."

आणि खांद्यावरची ती नवी कोरी शाल झटकून, घडी करून, काखेत मारून निघालेसुद्धा!

* * *

सेल्वीचा पहिला रविवार मी कधी विसरणार नाही. हॉल खच्चून भरलेला. एक मावशी पापड रचत होत्या, शेवटचा पापड हातात, आणि टण्ण! घंटा वाजली. मावशी सेल्वीकडे बघत राहिल्या. लोकांना वाटलं, चुकून हात लागला असेल.

"वेळ संपली, अम्मा. हात वर," सेल्वी म्हणाली.

हॉलमध्ये असा काही ओरडा झाला! "रायर सार असते तर!" हे वाक्य त्या दिवशी मी इतक्यांदा ऐकलं, की मला स्वप्नातसुद्धा तेच ऐकू यायला लागलं. दुसऱ्या रविवारी मागच्या रांगा रिकाम्या. तिसऱ्या रविवारी मधल्या.

एका नगरसेवकाची बायको हरली, तर ब्रेकमध्ये त्याचा फोन. भास्करन फोन धरून उभे, चेहरा पांढरा. सेल्वीनं फोन घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "पुढच्या रविवारी पाठवा ना त्यांना, सार. रांग खालच्या जिन्यापासून सुरू होते."

पण खरी शिक्षा तिला मिळाली बाजारात. इथं भाजी घेतली की भाजीवाली वर मूठभर कढीपत्ता-कोथिंबीर फुकट टाकते. मागावीसुद्धा लागत नाही. मी सेल्वीबरोबर होते. तिनं वांगी घेतली, भेंडी घेतली, पिशवी पुढे केली. भाजीवालीनं काटा बघितला, पिशवी बांधली, हातात दिली.

"कढीपत्ता?" सेल्वीनं विचारलं.

"काटा म्हणजे काटा, अम्मा. कुणाला कमी नाही, कुणाला जास्ती नाही."

आजूबाजूच्या बायका खिदळल्या. मी भांडायला पदर खोचला, पण सेल्वीनं माझा दंड धरला. घरी जाताना डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणाली, "अक्का, मी कढीपत्त्याशिवाय रसम करीन. पण घंटा वेळेवरच वाजवीन."

बाई जिद्दीची! मला तिचा रागही आला आणि इतकं कौतुक वाटलं, की काय सांगू.

* * *

मला राहवेना. मी रायर सारांच्या घरी गेले. म्हटलं, "सार, एकदा या. दोन शब्द बोला. लोक तुमचं ऐकतात. सांगा त्यांना, सेल्वीचं बरोबर आहे म्हणून."

ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. "येणार नाही."

"अहो पण ती बुडतेय!"

"मी जाऊन बोललों, तर कार्यक्रम पुन्हा माझा होईल. तिला ती खुर्ची मी दिली ऐसें होईल. गावानें देऊं द्यावी."

"आणि गावानं नाही दिली तर?"

त्यांनी पेपर उलटला. मला इतका संताप आला, की कापी, म्हणजे इथली कॉफी, न पिताच उठले. सारांच्या पत्नी, रायरमामी, दारापर्यंत आल्या, हळूच म्हणाल्या, "रविवारी टीव्हीपुढून हलत नाहींत. जेवण तेथेंच." पण त्यानं सेल्वीचं काय भलं होणार होतं? मी तशीच तणतणत घरी आले.

* * *

पोंगलच्या आधीचा रविवार. भास्करन ज्योतिषाला घेऊनच आले होते. तो स्टुडिओत फिरून खुर्ची कुठल्या दिशेला ठेवायची ते बघत होता! हॉल अर्ध्याहून रिकामा. मी खाली जिन्यापाशी रांग लावत होते. रांग कसली, दहा-पंधरा डोकी.

आणि शेवटी कोण उभं? पांढरं धोतर, कपाळाला गंध, डोळ्यांवर चष्मा. रायर सार!

मी धावले. "सार, इकडून या, वरती—"

"मागे व्हा बाई," ते म्हणाले. "रांग आहे."

आता माणूस रांगेत आहे ही बातमी गावात कशी पसरते ते मला विचारू नका. सारांचा नंबर येईपर्यंत हॉल भरला, जिना भरला, खाली रस्त्यावर लोक मोबाइलवर कार्यक्रम लावून उभे राहिले. सार स्टेजवर चढले तशी शिट्टी, टाळ्या. "सार, माइक घ्या! सार, घंटा घ्या!"

सारांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

सेल्वीनं माइक धरला. प्रत्येकाला विचारते तसंच विचारलं, "नाव काय? गाव कुठलं?"

"रंगोजीराव. इथलाच."

त्यांनी मडक्यातून चिठ्ठी काढली. केळीच्या दोऱ्यात मोगरा गुंफायचा, कोपरापासून बोटांपर्यंत हातभर. बायका खुदकन हसल्या. पुरुषमाणूस आणि गजरा!

घड्याळ सुरू झालं. सार फुलं उचलायचे, दोन सांडायची. गाठ मारायचे, ती सुटायची. दोरा बोटाला गुंडाळला गेला, तो सोडवायला निम्मा वेळ. कपाळावर घाम. लोक श्वास रोखून कधी घड्याळाकडे, कधी सेल्वीच्या हाताकडे. कुणीतरी ओरडलं, "सेल्वी, सार आहेत! जरा थांब!" मग सगळा हॉलच ओरडायला लागला, "थांब! थांब!"

खोटं कशाला बोलू, मीपण ओरडले. थांब गं बाई, ह्या एका माणसासाठी तरी थांब!

काटा बारावर आला. टण्ण!

एकदम चिडीचूप. सेल्वीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि दोरी तिनं घट्ट धरली होती. "वेळ संपली, सार. हात वर."

सारांनी हात वर केले. एका हाताला चार फुलांचा तुकडा लोंबत होता. ते लोकांकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हरलो. बरोबर मिनिटात हरलो. पुढचा कोण?"

आधी मागून एकानं टाळी वाजवली. मग असा काही कल्लोळ उठला, की खालच्या मंगल कार्यालयात साठीशांतीला जमलेली माणसं जेवण सोडून वर बघायला आली. आणि तो कल्लोळ सेल्वीसाठी होता. रायरलाही सोडलं नाही तिनं! त्याच संध्याकाळी पुढच्या रविवारसाठी नावं द्यायला एवढी झुंबड उडाली, की मला स्टुलावर उभं राहून ओरडावं लागलं. ज्योतिषी चपला शोधत होता. भास्करन त्याला शोधायला मदत करत होते.

सार गर्दीतून कधी निघून गेले कळलंच नाही. चष्मा मात्र स्टेजवरच विसरले, मोगऱ्याच्या परातीशेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो द्यायला त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. सार विठोबाच्या फोटोपुढे पाटावर बसले होते, मांडीशी मोगऱ्याची टोपली, डोळ्यांवर चष्मा नाही. आतून मामी ओरडल्या, "अहो, रोजचा हार झाला कां?"

"होतो आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. बोटांकडे बघतही नव्हते. मी दारात वाकून चपलांचे पट्टे सोडले, आत पाऊल टाकलं, तेवढ्यात हातभर हार गुंफून पुढे सरकला होता.

"बैसा," सार म्हणाले. "कापी घेतां कां?"